उपग्रहाला नापास करणारे सोपानराव

सोपानराव तापकीरांनी चाकणच्या एका कारखान्यात एकतीस वर्षं दुसऱ्यांच्या चुका काढल्या. निवृत्त झाल्यावर त्यांच्या लक्षात आलं, की आपलं काम जेमतेम सुरू झालंय. कारखान्याबाहेरचं अख्खं जग तपासायचं राहून गेलं होतं.

कारखान्यात ते क्वालिटीला होते. गाड्यांचे सुटे भाग मोजायचे आणि केसाच्या जाडीचा फरक निघाला तरी लाल स्टिकर चिकटवायचा, हे त्यांचं काम. लाल स्टिकर म्हणजे नापास. तो ते इतक्या मनापासून चिकटवत, की त्यांना येताना पाहिलं की उत्पादनवाले मशीन बंद करून चहाला निघून जात. "काय राव, एवढ्याशा फरकानं गाडी पडती का?" असं कुणी विचारलंच, तर सोपानराव चष्म्यावरून त्याच्याकडे बघत म्हणत, "गाडी न्हाई पडत. माणूस पडतो. नजरेतनं."

त्यांच्या नजरेत उभा राहिलेला माणूस अजून कुणी पाहिलेला नव्हता. चाकणच्या चौकात तासभर अडकले, तरी त्यांना राग गर्दीचा यायचा नाही. पुढच्या ट्रकची नंबरप्लेट वाकडी बसवलीय याचा यायचा. भाच्याच्या लग्नात मंगलाष्टकं चालू असताना ते मंडपाचा खांब ओळंब्यात नाही हे मांडववाल्याला पटवून देत होते. काळेवाडीच्या घरी भाकरी एका कडेला जाड झाली, की बायको इंदुताईंना ते बोटांनी फरक दाखवत. इंदुताई म्हणत, "मग पातळ कडेनं सुरुवात करा. जाड कडेला येस्तोवर भूक मरंल." निरोपसमारंभात कंपनीने दिलेलं घड्याळ दोन मिनिटं मागे पडतं म्हणून त्यांनी आठव्या दिवशी परत केलं. कंपनीने ते आनंदाने घेतलं.

अशा माणसाचं एकच दुखणं होतं. एकतीस वर्षांत लाखो भाग त्यांच्या हाताखालून गेले, पण त्यांचं नाव कुठेही छापून आलं नाही. स्टिकरवर 'एस. टी.' एवढीच अक्षरं असत. रस्त्यावरच्या लाल बसवरही तीच अक्षरं असतात, आणि तिच्याबद्दल लोक जास्त आपुलकीने बोलतात.

निवृत्तीनंतर ते भोसरीच्या एका वर्कशॉपमध्ये जाऊ लागले. मालक प्रीतम, वय तेहेतीस, हातात दोन फोन आणि डोक्यात तेवढेच विचार, असं सोपानरावांचं मत. प्रीतमला गोव्याच्या एका संशोधन संस्थेचं काम मिळालं होतं: प्रकाश मोजणारी यंत्रं जहाजाच्या टोकाला नेमक्या कोनात धरून ठेवणारा सांगाडा बनवायचा, यंत्रं तपासून द्यायची, आणि ती हाताळायला जहाजावर एक माणूसही पाठवायचा. वर्कशॉपमधल्या तरुणांनी समुद्र म्हटल्यावर एकेक आजारी नातेवाईक काढला. राहिले सोपानराव.

"जाईन," ते म्हणाले. "पण अहवालात मोजणाऱ्याचं नाव असतंय का?"

"असतं की काका."

"पूर्ण?"

"पूर्ण."

"मग मोजतो तुमचा समुद्र."

संस्थेच्या शास्त्रज्ञ मंजुषा मॅडम काम समजावायला भोसरीत आल्या. मूळच्या चिंचवडच्या, वयाने सोपानरावांच्या मुलीएवढ्या. एवढ्या एका कारणावरून त्यांना काही कळत नसणार, हे सोपानरावांनी ठरवून टाकलं. मॅडम सांगू लागल्या. उपग्रह वरून समुद्राचा रंग बघतो. पाणी निळं असेल तर त्यात बारीक वनस्पती कमी, हिरवट असेल तर जास्त, आणि त्यावरून मासळीचे अंदाज बांधतात. पण उपग्रह आणि पाणी यांच्यामध्ये सगळी हवा असते, धूळ असते. त्यामुळे त्याला दिसलेला रंग खरा की खोटा, हे कुणीतरी जहाजावरून, पाण्याजवळ जाऊन तपासावं लागतं.

"म्हणजे उपग्रहाची क्वालिटी," सोपानराव म्हणाले. त्यांच्या चेहऱ्यावर कितीतरी दिवसांनी समाधान दिसलं. जगात एवढ्या उंचीवरची चूक काढायची संधी कुणाला मिळते!

"तसंच. आणि हिला जपा." मॅडमनी पेटीतून वीतभर लांबीरुंदीची एक पांढरी पाटी काढली. "आपण आधी उन्हात या पाटीकडे बघून मोजायचं, मग आकाशाकडे, मग पाण्याकडे. पाटी म्हणजे ऊन पूर्ण परत देणारी वस्तू. तिच्या मानाने समुद्र किती प्रकाश देतो, ते काढायचं. हिला बोटसुद्धा लावायचं नाही."

चाकणच्या कांद्याच्या बाजारात ज्याचं बालपण गेलं, त्याला हे समजावायची गरज नव्हती. पाटी म्हणजे तराजूतलं वजन. वजन झिजलेलं असेल, तर माल आहे त्यापेक्षा जास्त भरतो. सोपानरावांनी मान हलवली. बोट न लावण्याचा नियम सामान्य माणसांसाठी असणार, हेही त्यांनी मनात नोंदवून ठेवलं.

पाच दिवसांनी खंडेनवमी आली. या कारखान्यांच्या पट्ट्यात त्या दिवशी जे हत्यार धुतलं जात नाही आणि ज्याला हळदकुंकू लागत नाही, ते वर्षभर दगा देतं, यावर मालकापासून वॉचमनपर्यंत सगळ्यांचं एकमत असतं. एरवी त्यांचं एकमत चहाच्या वेळेवरसुद्धा नसतं. प्रीतमच्या वर्कशॉपमध्ये लेथ, ड्रिल, कॉम्प्रेसर, हापिसातला लॅपटॉप आणि दारातली मोटार, सगळ्यांना झेंडूच्या माळा पडल्या. रीत अशी, की ज्याचं हत्यार त्याने स्वतःच्या हाताने पुजायचं. सोपानराव सकाळी अंघोळ करून, पांढरा शर्ट घालून आले आणि त्यांनी समुद्राची पेटी उघडली. बाकी यंत्रांच्या झाकणांना त्यांनी टिळे लावले. मग पाटीपाशी थांबले.

"काका, पेटीला लावा की," प्रीतम म्हणाला.

"पेटी मोजती का रं समुद्र?" सोपानरावांनी त्याला झटकलं. "जिच्या जिवावर सगळं मोजायचं ती आत, आन् टिळा झाकणाला? देवाला फसवतो व्हय?"

आणि त्यांनी पाटीच्या बरोबर मध्यभागी आधी हळदीचं बोट टेकवलं, वर कुंकवाचं. मध्य साधण्यासाठी त्यांनी पट्टीने मोजलंसुद्धा.

दसऱ्याच्या संध्याकाळी पाटी स्पिरिटने पुसली. कुंकू गेलं, हळद गेली. ट्यूबलाइटखाली भिंग लावून बघितलं, पाटी पांढरीशुभ्र. एकतीस वर्षं केसाएवढा फरक पकडलेल्या डोळ्यांनी तिला पास केलं आणि पेटी बंद झाली.

तिसऱ्या दिवशी गोव्याहून जहाज सुटलं, मॅडमही बरोबर होत्या. पहिले दोन दिवस सोपानरावांनी समुद्राबद्दलचं आपलं मत बादलीत व्यक्त केलं. तिसऱ्या दिवशी उठून बसले, तेव्हा मत बदललेलं नव्हतं, फक्त आता ते शब्दांत सांगता येत होतं. समुद्र म्हणजे नुसता पसारा. जिकडे बघावं तिकडे तोच माल, आणि त्याला स्थिर राहायची शिस्त नाही. खलाशी चार जेवणं जेवतात आणि दोऱ्या वाकड्या गुंडाळतात. स्वयंपाकी आमटीत नारळ घालतो, बहुतेक चूक लपवायला. आमच्या पवना नदीवर जलपर्णी वाढली की तिचा रंग पुलावरून जाणारा रिक्षावालाही सांगतो, त्याला उपग्रह लागत नाही.

पण काम मात्र चोख. दुपारी बाराच्या सुमारास उपग्रह डोक्यावरून जायचा. त्या वेळेला जहाज थांबवून सोपानराव अगदी पुढच्या टोकाला उभे राहायचे, सूर्याकडे पाठ तिरकी करून, जहाजाची सावली आणि लाटेचा फेस चुकवून. पाटी, आकाश, पाणी. पाटी, आकाश, पाणी. दिवसाला बारा मोजण्या, उन्हात, टोपी न घालता, कारण टोपीची सावली पडते. प्रत्येक मोजणी झाली की ते पाण्याकडे असं बघत, जणू त्याला पुढच्या वेळी सुधारून यायला सांगत आहेत.

मोजणीच्या पहिल्याच दिवशी भांडण लागलं. जहाजाच्या डोलकाठीवर मॅडमनी आणखी एक यंत्र बसवलं होतं. वाटीसारखं, वर तोंड करून थेट ऊन मोजणारं, पाटीशी काही संबंध नसलेलं. त्याचा आणि पाटीचा आकडा जुळेना. निळ्या रंगात वाटी म्हणत होती ऊन जास्त आहे, पाटी म्हणत होती कमी.

"वाटी खराब," सोपानराव म्हणाले आणि खिशातून लाल स्टिकर काढून डोलकाठीखालच्या वाटीच्या डब्यावर चिकटवला. निवृत्त होताना त्यांनी कंपनीतून फक्त तेवढीच एक गोष्ट आणली होती, दोन गड्ड्या.

दुसऱ्या दिवशी उपग्रहाचे आकडे ईमेलने आले. सोपानरावांच्या मोजणीत समुद्र उपग्रहाच्या समुद्रापेक्षा अठरा टक्के जास्त निळा भरला होता.

"अठरा?" मॅडम चरकल्या.

"अठरा!" सोपानराव उजळले. "मी म्हणलं नव्हतं? एवढं लांबनं बघून कुठं क्वालिटी होती व्हय? नापास!"

त्यांनी जहाजाच्या इंटरनेटवरून प्रीतमला निरोप पाठवला: उपग्रह रिजेक्ट. प्रीतमने तो वर्कशॉपच्या ग्रुपवर टाकला. संध्याकाळपर्यंत भोसरीत फटाके तेवढे वाजायचे राहिले होते.

मॅडमना मात्र झोप येईना. ही मोजणी खरी धरली, तर उपग्रहाचं गणितच बदलायची शिफारस अहवालात करावी लागणार होती. पुढच्या दिवशी फरक सतरा निघाला. मग चौदा. मग अकरा.

"काका, हे विचित्र आहे. फरक रोज कमी कसा होतोय?"

"धाक हो, मॅडम. आमच्या लाइनवर पण असंच. एकदा लाल स्टिकर लागला की कामगार आपोआप सुधारतो."

"उपग्रह सुधारतो?"

"सुधारतोच की. उशीर लागला, पण सुधारतोय. लिहा तसं."

मॅडमनी तसं लिहिलं नाही. सोपानरावांना त्यांची कीव आली. एवढं शिकून माणसाला शिस्तीची ताकद कळू नये, याला काय म्हणावं! अहवालात आपलं नाव कसं दिसेल हे ते रोज जेवताना मनात लिहून बघत होते.

सहाव्या दिवशी फरक नऊवर आला. त्या दिवशीच्या मोजण्या संपवून सोपानरावांनी घरी फोन लावला. जहाजावर प्रत्येकाला दहा मिनिटं मिळायची. त्यातली सात इंदुताई बोलायच्या आणि तीन सोपानराव ऐकायचे. इंदुताईंनी दिवाळीची धुणी काढली होती.

"तुमचा तो पांढरा शर्ट," त्या म्हणाल्या, "खंडेनवमीचा. भायेवर हळद लावून ठेवलीया. पुसलावता ना तुमी? म्हणं गेला डाग! साबण लावला तशी लालभडक झाली बाही."

"मग गेला शर्ट?"

"जातोय कशाला? एकतीस वर्सं क्वालिटी केली आन् हळदीचा डाग कसा जातो ते ठावं न्हाई. उन्हात टाकला. रोज जरा जरा फिका पडतो. अजून चार दिस टाकला की बघायलाबी सापडायचा न्हाई."

फोनची दहा मिनिटं संपली. सोपानराव तिथेच उभे राहिले. आयुष्यात पहिल्यांदा बायकोच्या बोलण्यात त्यांना एकही चूक सापडली नव्हती, आणि ते बरं लक्षण नव्हतं.

अठरा, सतरा, चौदा, अकरा, नऊ. रोज भर उन्हात धरलेली पाटी.

ते स्वतःच्या खोलीत गेले. पेटी उघडली. न्हाणीघरातून साबणाचं पाणी बोटावर घेतलं आणि ज्या पाटीला बोट लावायचं नव्हतं तिच्या मध्यावर टेकवलं. थोडा वेळ काही नाही. मग एक फिकट तांबूस ठिपका वर आला, पट्टीने मोजून लावल्यासारखा, बरोबर मधोमध.

हळद निळा प्रकाश खाते. म्हणून तर ती पिवळी दिसते. पाटी निळ्याला कमी भरत होती, वजन झिजलेलं होतं, आणि समुद्र कागदावर जास्त निळा होत होता. वाटी बरोबर होती. उपग्रह बरोबर होता. अख्ख्या अरबी समुद्रात चुकीची वस्तू एकच होती आणि ती हातात धरून एक माणूस रोज दुपारी टोकाला उभा राहत होता.

खोलीत कुणी नव्हतं. तांबूस ठिपका साध्या पाण्याने पुसता आला असता. अजून तीन दिवसांचं ऊन बाकी होतं. तेवढ्यात हळद पार नाहीशी झाली असती, फरक शून्यावर आला असता आणि जगाच्या पाठीवर कुणालाही काही कळलं नसतं. अहवालात उपग्रहाच्या नावावर चूक लागली असती आणि मोजणाऱ्याच्या रकान्यात सोपानराव तापकीर. उपग्रह काही काळेवाडीत येऊन तक्रार करणार नव्हता.

सोपानराव पंधरा मिनिटं बसले. एवढ्या वेळात त्यांना आठवलं, की ज्यांना आपण चष्म्यावरून बघायचो, ते उत्पादनवाले असंच करायचे. खोटा भाग चांगल्या मालाच्या ढिगात खाली सारायचे. त्या लोकांच्या पंगतीत जाऊन बसणं त्यांना मंजूर नव्हतं. प्रामाणिकपणापेक्षा त्यांचा तुसडेपणा मोठा होता, आणि त्या दिवशी तोच कामाला आला.

पाटी घेऊन ते मॅडमच्या टेबलापाशी गेले.

"मॅडम, उपग्रह पास हाय."

"म्हणजे?"

"पाटी नापास."

मॅडमनी तांबूस ठिपक्याकडे पाहिलं. चिंचवडच्या मुलीला फार वेळ लागला नाही. "खंडेनवमी?"

"व्हय."

"पाटीवर? थेट?"

"मग कुठं लावायची?"

मॅडमनी डोकं दोन्ही हातांत धरलं. "आमचे बाबा इन्व्हर्टरला लावतात. मिक्सरला लावतात. पण काका... साठ मोजण्या गेल्या."

"बहात्तर," सोपानराव म्हणाले. अशा वेळीसुद्धा चुकीचा आकडा त्यांना सहन झाला नाही.

मॅडमनी सहा दिवसांचे आकडे पुढे ओढले. मग एकदम ताठ झाल्या. "वाटीला तुम्ही स्टिकर लावला होता ना? तिची वायर काढली का?"

सोपानराव दुखावले. "वायर अशी कशी काढीन? आधी स्टिकर, मग वरच्या साहेबाची सही, मग वायर. तुमची सही झालीच न्हाई."

"म्हणजे वाटी चालू आहे!"

वाटी चालू होती. लाल स्टिकरखाली बसून ती सहा दिवस प्रत्येक मिनिटाचं ऊन निमूट नोंदवत होती. पाटीने कोणत्या दिवशी किती निळा खाल्ला, हे तिच्या आकड्यांवरून काढता येत होतं. मॅडमनी ते काढायला दोन दिवस घेतले. जुन्या मोजण्या दुरुस्त झाल्या आणि त्यांतला समुद्र उपग्रहाच्या समुद्राशी दोन टक्क्यांच्या आत येऊन बसला. उरलेल्या दिवसांसाठी पेटीतली दुसरी, न पुजलेली पाटी निघाली. ती मॅडमनी स्वतः हातमोजे घालून धरली. सोपानराव मागे उभे राहून त्यांचा कोपर दोन अंश खाली गेलाय हे सांगत राहिले. तो खरंच खाली गेलेला होता.

प्रीतमला त्यांनी एका ओळीचा निरोप पाठवला: उपग्रह पास, मी नापास. प्रीतमने तो ग्रुपवर टाकला नाही. पोराला तेवढी अक्कल असेल असं सोपानरावांना वाटलं नव्हतं. त्यांनी ते योगायोगात धरलं.

फेब्रुवारीत अहवाल आला, इंग्रजीत. प्रीतमने पान उलगडून दाखवलं. मोजणाऱ्याच्या रकान्यात नाव होतं. पूर्ण होतं. सोपानरावांनी भिंग घेऊन अक्षरं तपासली. एकही चूक नव्हती. वर्कशॉपमध्ये पेढे आले. इंदुताईंना फोन गेला. त्या म्हणाल्या, "बरं झालं. आता भाकरी मुकाट्यानं खाल."

"आणि एक्केचाळिसाव्या पानावर बघा," प्रीतम खुशीत म्हणाला. "हळदीचं पण आलंय. मॅडमनी मस्त सांभाळून घेतलंय राव तुम्हाला. लिहिलंय, मोहिमेच्या आधी लक्ष नसताना, चुकून पाटीला हळद लागली."

सोपानरावांच्या हातातला पेढा खाली आला.

"कशी लागली?"

"लक्ष नसताना. चुकून."

सोपानरावांनी भिंग खिशात घातलं आणि तिथूनच मॅडमना फोन लावला.

"मॅडम, पान एक्केचाळीस. चुकीचं हाय."

"काय झालं काका?"

"लक्ष नसताना म्हणून लिहिलंय तुमी. माझं लक्ष नसताना आजवर काय झालेलं न्हाई. पट्टीनं मोजून मध्य काढलावता."

"अहो, तुमच्यासाठीच तसं लिहिलं. नाहीतर वाचणारे हसतील तुम्हाला."

"हसू द्या की. पण काय झालं ते नीट समजून हसू द्या. कुणी अर्धवट माहितीवर हसलेलं मला चालत न्हाई."

"पण अहवाल छापून गेला सगळीकडे."

"मग शुद्धिपत्रक काढा."

पलीकडून कागद सरकवल्याचा आवाज आला, आणि मॅडम हरलेल्या सुरात म्हणाल्या, "बरं. सांगा, काय लिहू?"

सोपानराव खुर्चीत नीट बसले. प्रीतमला हाताने गप्प केलं. घसा साफ केला.

"लिहा," ते म्हणाले. "'अंघोळ करून' इथनं सुरुवात करा."